एकोणपन्नास, पुन्हा एकोणपन्नास

सत्तेचाळीस

ज्योत्स्नाकाकूंचा मेसेज सकाळी आला, लेडीज बॅचचा वॉर्मअप चालू असताना.

'तेजू, एक विचारू का? परवापासून पाय असे धरलेत की जिना बसून उतरले. ते चालायचंच. पण आज लघवी कोऱ्या चहासारखी झाली. उपवासानं होतं का गं असं?' शेवटी हसरा चेहरा.

तेजस्विनीनं मेसेज परत वाचला. समोर बायका हात वर करून उभ्या होत्या. ती पुढचं सांगेपर्यंत त्यांचे हात तसेच वर.

"तेजू, विमान उतरव आता," पहिल्या रांगेतली मोहिनी म्हणाली.

"खाली," तेजस्विनी म्हणाली. श्वास सोडा. खांदे सैल. सैल.

तिचे स्वतःचे खांदे कानापर्यंत आले होते.

अठ्ठेचाळीस

परवा ज्योत्स्नाकाकूंचा पन्नासावा वाढदिवस झाला. जिममध्ये काकू म्हणायला बंदी आहे, तिथं त्या ज्योत्स्नाताई. सातपूरच्या या जिममध्ये बायकांनीच पाडलेली प्रथा अशी, की जिचा वाढदिवस तिनं वयाइतके स्क्वॉट्स, म्हणजे बैठका, मारायचे, बाकीच्यांनी गोल करून मोठ्यानं मोजायचं, मग केक. वय लपवणारीची पंचाईत होते, म्हणून तर सगळ्यांना ती आवडते. नवरात्र होतं म्हणून केकऐवजी राजगिऱ्याचे लाडू होते.

"काही खाल्लंय ना, ताई?" तेजस्विनीनं विचारलं होतं.

"हो गं बाई, खाल्लंय."

विचारलं होतं. विचारलं होतं ना? विचारलं होतं.

जिमचे मालक अमितसर म्हणाले होते, रील करू, पण नुसते स्क्वॉट्स कोण बघतं, खांद्यावर लोखंडी बार द्या. बार दिला. मोहिनीनं तेजस्विनीच्याच फोनवर शूट केलं.

आणि तेजस्विनीनं मोजलं.

ट्रेनरचं मोजणं सरळ नसतं. माणूस थकायला लागला की ट्रेनर आकडा गिळतो. अठ्ठेचाळीस म्हणतो, पुढच्या वेळी परत अठ्ठेचाळीस. शेवटचा म्हणतो आणि आणखी काढून घेतो. समोरचा शिव्या देतो, हसतो, आणि मारतो. जो सरळ मोजतो त्याच्याकडे बायका राहत नाहीत. म्हणतात, याच्याकडे घाम येत नाही. तेजस्विनीकडे घाम यायचा. तिची बॅच भरलेली असायची.

अठ्ठेचाळीस

अमितसर काउंटरमागे प्रोटीनच्या डब्यांवरची धूळ पुसत होते. तिनं फोन त्यांच्यासमोर धरला.

"पाणी पी म्हणावं भरपूर."

"सर, कोर्समध्ये शिकवलं होतं. स्नायू फुटले की ते रक्तातून किडनीवर येतं. लघवीचा असा रंग हीच खूण."

"कोर्समध्ये घाबरवतात. माझ्या आईला दर नवरात्रात होतं असं."

"कोऱ्या चहासारखं?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "हे बघ, रील मी काढून टाकलीय. तुझ्या फोनमधला व्हिडिओ तूही उडव. आणि तिला लिहून काही पाठवू नको. आमच्याकडे झालं, असं काही."

"मग काय पाठवू?"

"नारळपाणी पाठव."

ते गंमत करत नव्हते.

एकोणपन्नास

'ताई, लगेच डॉक्टरकडे

पुसलं.

'ताई, घाबरू नका, पण

पुसलं. घाबरू नका असं लिहिलं की माणूस घाबरतं.

'पाणी प्या.' हे गेलं. एक टिक. एकच.

फोन वाजला. तिनं नाव न बघता उचलला.

"भात कापाया येशील ना?" आई. चंद्रभागा, पेठहून. "माणसं मिळंनात. तू तं लोकांकडून उठबस करून घेती, इथं येऊन कर."

"आई, ठेव. नंतर करते."

"काय झालं गं? आवाज असा का?"

"काही नाय."

गुडघे बाहेर. पाठ सरळ. ज्योत्स्नाकाकूंचा फोन लावला, रिंग जात राहिली. परत लावला. यावेळी त्यांच्या मिस्टरांनी, किशोरकाकांनी उचलला.

"दवाखान्यात चाललोय. हिला बाथरूममध्ये चक्कर आली. बरं झालं माझी सेकंड शिफ्ट, घरी होतो." मग दवाखान्याचं नाव. मग रिक्षाचा हॉर्न.

बॅच अर्धी झाली होती. ती मोहिनीला म्हणाली, "तू मोज."

"कुठपर्यंत?"

तेजस्विनी गाडीची किल्ली घेऊन निघाली होती.

एकोणपन्नास

कालिकेच्या यात्रेमुळं रस्ता वळवला होता. ज्या गल्लीतून जायचं तिथं पाळण्याचा लोखंडी सांगाडा घेऊन ट्रक आडवा. ती गाडीवर बसून मोजत होती. कशाला, ते तिलाही कळत नव्हतं. अठ्ठेचाळीसला किती वेळा थांबले? तीनदा? चारदा? एकोणपन्नासला तर बायका हसून हसून लाडवांच्या डब्यावर वाकल्या होत्या. ज्योत्स्नाकाकू म्हणाल्या होत्या, तेजू, तुला शाळेत कुणी पास केलं गं. आणि वर आल्या होत्या. आणि परत खाली गेल्या होत्या, कारण तेजस्विनी म्हणाली, शेवटचा.

सांगितलं तर जिम जाईल. या गावात ट्रेनरचं नाव एकदा खराब झालं की सगळ्या जिमना कळतं.

नाही सांगितलं तर.

ट्रक हलला.

एकोणपन्नास

ज्योत्स्नाकाकू खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या, तोंड उतरलेलं, तरी हसल्या. "ही बघा, आली माझी सासू."

ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर उभ्यानंच लिहीत होते. बाहेर पेशंटची रांग होती. "व्यायाम किती केला होता?"

"पन्नास बैठका," किशोरकाका म्हणाले. "पन्नाशीच्या पन्नास."

"जिमला रोज जाता?"

"वर्षभर," ज्योत्स्नाकाकू म्हणाल्या. त्यांनी तेजस्विनीकडे बघितलं. "पन्नासच, डॉक्टर. सगळ्यांनी मिळून मोजले."

"मग सवय आहे. पन्नासनं एवढं होत नाही. उपवासात पाणी कमी पडलंय, थोडं इन्फेक्शन असेल. गोळ्या देतो, घरी जाऊन भरपूर पाणी प्या. उद्या बरं नाही वाटलं तर या."

घरी. किशोरकाकांनी चपला पुढं केल्या. ज्योत्स्नाकाकूंनी पाय खाली सोडला आणि तो टेकताच ओठ दाबले. मांडी कापडातूनही टणक दिसत होती.

श्वास घे, तेजस्विनीनं स्वतःला सांगितलं. जोर लावताना सोड.

पन्नास

"पन्नास नव्हते."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तुम्ही कोण?"

"ट्रेनर. मीच मोजत होते. जास्त झाले, बरेच जास्त. खांद्यावर बार होता."

"अगं, तेजू," ज्योत्स्नाकाकू म्हणाल्या, "मी खाल्लं नव्हतं ते मी तुला कुठं सांगितलं? चहावर आले होते. उगाच अंगावर घेऊ नको."

"जास्त म्हणजे किती?"

"माहीत नाही."

"तुम्ही मोजत होता म्हणालात ना?"

"हो."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते वळले आणि नर्सला म्हणाले, "यांना घरी पाठवू नका. सलाइन लावा, लगेच. रक्त पाठवा, स्नायूंची आणि किडनीची, दोन्ही तपासण्या." मग तेजस्विनीला, "अंदाज तरी सांगा. रिपोर्टला वेळ लागेल."

तिनं फोन काढला. व्हिडिओ होता. सकाळपासून तिचं बोट दोनदा त्याच्यावर जाऊन परत आलं होतं. ते बघायची तिची छाती होईना. तिनं फोन किशोरकाकांच्या हातात दिला.

"काका, तुम्ही मोजा. आवाजाकडे लक्ष देऊ नका. फक्त गुडघे बघा."

किशोरकाकांनी चष्मा लावला. कंपनीत ते माल तपासायचे. तसेच बसले, फोन डोळ्यांशी धरून, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर टेकवून. फोनमधल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. सलाइनचा थेंब पडायला लागला होता.

"किती झाले हो?" ज्योत्स्नाकाकूंनी विचारलं.

त्यांनी हात वर केला. बोलू नको, चुकेल.

नर्स रक्ताची नळी घेऊन गेली. डॉक्टर दारात एका पेशंटशी बोलत होते, पण कान इकडं होते.

"ब्याऐंशी," किशोरकाका म्हणाले, आणि फोनमधली तेजस्विनी हसत ओरडली, "एकोणपन्नास."