भुरीचं पुढं काय झालं

बारा वर्षं, सात वह्या आणि एक अपुरी कादंबरी. रविवारी सकाळी दादाभाऊने त्या सातही वह्या सुतळीने करकचून बांधल्या आणि रद्दीच्या ढिगावर आदळल्या. "सुटलो एकदाचा!" असं तो मोठ्यांदा म्हणाला. बायकोने, आशाने, हे वाक्य याआधी चारदा ऐकलं होतं. ती भाकरी थापत राहिली.

दादाभाऊ घोडेगावात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला. तेवढ्यावर आपल्या गावात, शिनोलीत, त्याचं नाव 'लेखक' पडलं, आणि लेखक म्हणजे गावाची विहीर, ज्याने त्याने पोहरा सोडावा. पहाटे घरापुढच्या ओट्यावर लिहावं तर बिबट्याची धास्ती, म्हणून हा स्वयंपाकघरात बसायचा. चार ओळी होतात न होतात तोच दारात कोणीतरी हजर. वाढदिवसाचा फ्लेक्स लिहून द्या, तलाठ्याला अर्ज लिहून द्या. पण सगळ्यात मोठा छळ दहाव्यांचा. इकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं, जी काही केल्या संपत नाहीत. ती लिहायला दादाभाऊ.

"भाऊ, दोन शब्द फक्त लिवा."

दोन शब्द! वेळ नसला की तो कादंबरीतलाच एखादा उतारा उचलायचा आणि नावगाव बदलून देऊन टाकायचा. कादंबरी होती त्याच्या वडिलांच्या, यमाजीच्या, मेंढरांच्या वाड्याची. मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जाणाऱ्या माणसांची. तीन वर्षांपासून ती एकाच जागी अडली होती, जिथे यमाजी भुरी नावाची गाभण मेंढी खांद्यावर घेऊन ओढ्याच्या पुरात शिरतो.

परवा शुक्रवारी कडेलोट झाला. बागायतदार रखमाजींचा दहावा होता. त्यांच्या नातवाने, ऋषीने, घाईघाईत मजकूर मागितला आणि दादाभाऊने घाईघाईतच वहीच्या भलत्या पानाचा फोटो पाठवला. ऋषीने तो जसाच्या तसा वाचला; त्या पानात माणसाचं नाव नव्हतंच, भुरीचं तेवढं होतं. ज्यांनी जन्मात मेंढी फक्त ताटात पाहिली ते रखमाजी, भुरीला खांद्यावर घेऊन पुरात शिरले. दादाभाऊला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण कोणी हूं की चूं केलं नाही. उलट लोकांनी डोळे पुसले आणि ऋषीने येऊन हात धरले, "आजोबा अगदी डोळ्यासमोर उभे केलेत, भाऊ!"

तिथेच त्याचं डोकं फिरलं. कुणाच्याही नावावर खपतंय, ऐकतंय कोण? मग लिहायचं तरी कशाला?

"आबांना च्या द्या," आशा म्हणाली.

यमाजी खाटेवर बसला होता. ब्याऐंशी वर्षांचा, अक्षरशत्रू, आणि पंचक्रोशीतला एकही दहावा न चुकवणारा. म्हाताऱ्याला दहाव्याच्या जेवणातल्या बुंदीची ओढ आहे, असंच दादाभाऊ समजत आला होता.

"भुरी रखमाजीची कवा झाली रं?" यमाजीने बशीत फुंकर मारत विचारलं.

दादाभाऊने वळून बघितलं.

"चिमाजीच्या दहाव्याला तू माळशेजचं धुकं दिलंस. कुशाबाईला आमच्या वाड्याची चूल दिलीस. म्या काय बोललो न्हाय. पर भुरी माझी व्हती. गावाला वाटून टाकलीस समदी?"

"आबा, तुमी हे ऐकायला जात व्हता?"

"मंग काय बुंदी खायाला? दात हायेत का मला? तू घरात कदी वाचतोस व्हय?"

दादाभाऊला भयंकर राग आला. म्हाताऱ्याचा, गावाचा, स्वतःचा. तो उठला आणि गठ्ठ्याची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. नखं दुखली, दात लावून झाले.

"बांधायला एवढं घट्ट कुणी सांगितलं व्हतं?" म्हणत आशाने विळा आणून दिला.

त्याने पहिली वही काढली आणि घसा साफ करून वाचायला सुरुवात केली.

"हे झालं. चिमाजीचं," यमाजी म्हणाला.

त्याने तिसरी वही उघडली.

"कुशाबाई."

शेवटी सातवी. पूर, खांद्यावर भुरी, छातीपर्यंत पाणी. तिथून पुढे कोरं पान.

"मंग? पुढं?"

"पुढं तुमालाच ठावं ना आबा, मेंढी तुमची!"

"मला ठावं हाय. तू काय लिवतो ते इचारतोय."

"लिवलं न्हाय अजून," दादाभाऊ खेकसला. "तीन वर्षं झाली, न्हाय सुचत!"

यमाजीने बशी खाली ठेवली. "सुचू दे मंग लवकर. माझ्या दहाव्याला वाचशील, लोक रडतील. मला काय ऐकाय येणार हाय तवा?"

दाराशी कोणीतरी हाक मारली, "भाऊ, हायेत का? दोन शब्द..."

"न्हायीत घरात!" आशा आतूनच ओरडली आणि नवऱ्यापुढे पेन टाकलं.