विहिरीला इंटरनेट

नांदगावच्या इंटरनेटवाल्याच्या दुकानात खंडेरावांना राग आला, तो ‘नाही’ ऐकल्याचा नव्हे. कांदा विकणाऱ्याला नाही ऐकायची सवय असते. राग आला तो फ्रान्सचा.

झालं असं की त्यांच्या मुलीला, निकिताला नोकरी लागली होती. पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरी बसून दवाखान्यांची बिलं तपासायची. अट एकच: मोबाइलचं नेट चालणार नाही, घरात तारेचं नेट हवं, तेही सोमवारच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला. मुलाखत निकितानं कांदाचाळीच्या पत्र्यावर बसून दिली होती, कारण मळ्यात रेंज तेवढ्याच जागी येते. साहेबांनी मागचं आभाळ भिंत समजून रंगाचं कौतुक केलं होतं.

दुकानातला राजू मात्र ठाम होता. तार गावापर्यंत आहे. पुढं मळ्यातल्या वस्तीवर ओढायची तर निदान पाच कनेक्शनं पाहिजेत. वस्तीवर घरं तीन.

“काका,” राजू म्हणाला, “मळ्यामळ्यात तार न्यायला हे काय फ्रान्स हाय का?”

दुकानातली चार माणसं हसली. त्यातला एक तर नुसता पत्ता विचारायला आला होता.

खंडेरावांनी तडक मळा गाठला. पोचल्यावर गाडी स्टँडवर न लावताच निकिताला म्हणाले, “फ्रान्सला किती हायेत ते बघ.”

निकिता पत्र्यावर चढली आणि वरून सांगत गेली. शंभर माणसांमागं तारेची कनेक्शनं फ्रान्समध्ये अठ्ठेचाळिसाच्या आसपास, कोरियात पंचेचाळीस, आपल्याकडं तीनेक, आफ्रिकेतल्या कित्येक देशांत धड एकही नाही.

“घरांमागं नाय? माणसांमागं?”

“माणसांमागं, आप्पा. पाळण्यातल्या पोरासकट.”

खंडेरावांनी वस्ती मोजली. धाकट्या भावाचं, सावळीरामचं बिऱ्हाड आणि चुलती कुसाबाई धरून माणसं अकरा. मग त्यांनी लाइट बिलांची पिशवी खाटेवर ओतली. पत्त्याचा पुरावा म्हणून चालू लाइट बिल लागतं, एका बिलावर एक कनेक्शन, हे त्यांनी राजूच्या भिंतीवर वाचलं होतं. बिल घराचंच असावं असं तिथं कुठंच लिहिलेलं नव्हतं. तीन बिलं तीन घरांची, चौथं पिठाच्या गिरणीचं, पाचवं विहिरीवरच्या मोटारीचं.

विहिरीला नेट कशाला, असं निकितानं विचारून पाहिलं. फ्रान्समधल्या विहिरींना आपण कधी विचारलं का, असं उत्तर आलं. खर्च तिच्या पगारातून निघणार होता, तेव्हा बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या.

पाचाला अकरानं भागलं, शंभरानं गुणलं. पंचेचाळीस. वस्ती कोरियाच्या बरोबरीला आली. सगळे खूश झाले, खंडेराव सोडून. कोरिया त्यांना काही बोलला नव्हता.

“आप्पा, नियम पाचाचा हाय. आपलं काम झालं.”

“तुझं झालं,” खंडेराव म्हणाले.

सहावं बिल काही सापडेना. मग त्यांची नजर ओट्यावर भाकरी खाणाऱ्या सावळीरामवर गेली. सासुरवाडीला, नामपूरला जाऊन किती दिवस झाले, अशी त्यांनी मायेनं चौकशी केली. माणसं दहा उरली तर पन्नास येतात. यात भांडण नाही, नुसता भागाकार आहे, हे सावळीरामला दोनदा समजावण्यात आलं. दुपारच्या एसटीनं तो गेला.

दुसऱ्या दिवशी राजूनं चार फॉर्म घेतले आणि पाचव्यावर थांबला.

“काका, ही विहीर हाय.”

“बिल चालू हाय?”

“हाय.”

“माझ्या नावावर?”

“हाय, पण...”

“मग विहिरीला नेट देत नाय असं लिहून दे. सही-शिक्क्यानं.”

राजूनं नियमांचा कागद उलटा करून पाहिला. मागं कोरा होता. लिहून देण्यापेक्षा तार ओढणं सोपं, असं त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं.

शनिवारी खांबाखांबावरून तार आली. कुसाबाईंनी आपल्या घरातल्या नेटच्या डब्याला हळदकुंकू लावलं आणि तो बंद कुठून करायचा तेवढं विचारून घेतलं. पाचांत सगळ्यात पळणारं नेट निघालं विहिरीचं. म्हणून सोमवारी सकाळी निकितानं टेबल मोटारीच्या खोलीत नेलं आणि कामाला बसली. साहेबांनी पाण्याच्या आवाजाचं विचारलं. ऑफिसात कारंजं आहे, असं तिनं सांगितलं. साहेबांनी विषय बदलला. त्यांच्या ऑफिसात नव्हतं.

दुपारी सावळीराम परतला. सोबत आठवडाभर राहायला आलेल्या सासूबाई, वत्सलाबाई.

खंडेरावांनी बोटांवर हिशेब केला. माणसं बारा. एक्केचाळीस. कोरियाही गेला.

“सावळीराम, बांधावरच थांब,” ते ओरडले. मग बांधापलीकडं खाट टाकली, तांब्या-भांडं नेऊन ठेवलं, चहा तिथंच मागवला. बारा माणसांत सहा कनेक्शनं म्हणजे पुन्हा पन्नास. सहाव्या बिलासाठी गोठ्याला वेगळा लाइटचा मीटर मागायचा अर्ज त्यांनी पाटीवर कागद धरून जागीच लिहिला आणि गाडीला किक मारली.

“पाहुण्यांना आत तरी घ्या,” निकिता खोलीच्या दारातून म्हणाली.

“मावशी, राग मानू नका,” खंडेराव वत्सलाबाईंना म्हणाले. “गोठ्याचा मीटर आला की आत या. तवर आमचं फ्रान्सशी चालू हाय.”

वत्सलाबाईंनी खाटेवर मांडी घातली आणि बशीत चहा ओतला.

“जा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मी हितंच हाय.”