मागे घेतलेलं पान

मिळालं.

अस्वलाची रिकामी खुर्ची, तिच्यावर लाल उशी.

एक मिनिट चाळीस सेकंद.

मिळालं. वहिनी, तुम्हाला किती त्रास.

फाटकाजवळच्या झाडाखाली एक मुलगा, दप्तर स्वतःच्याच पाठीवर.

मंगळवारी दुपारी चारला मियानमियानच्या आईने, वनश्याने, दुसरीच्या पाचव्या तुकडीच्या पालकांच्या ग्रुपवर कळवलं, की उद्या सकाळी ती मुलांना अस्वलाच्या आजोबांची गोष्ट वाचून दाखवेल. चीनमधल्या वूहू शहरातल्या या शाळेत बुधवारची पहिली वीस मिनिटं गोष्ट वाचणाऱ्या मुलांच्या आयांची असतात. खाली रांगेने पालकांचं 'मिळालं' येऊ लागलं, म्हणजे निरोप पोचला. त्या भरात तिने आतलं एक पान फोटो काढून टाकलं: आजोबा गेल्यानंतरची खुर्ची.

मग तिला आठवलं. शूहांगची आईही याच ग्रुपवर होती.

शूहांगचे आजोबा मागच्या महिन्यात वारले होते. घरच्यांनी त्याला सांगितलं, आजोबा गावी गेलेत. शाळा सुटली की दप्तर घ्यायला आजोबा जिथे उभे राहत, तिथे तो आता एकटाच थांबे. ते बघवेना, म्हणून वर्गाच्या मेंगबाईंनीच वनश्याला हळूच विचारलं होतं, असं एखादं पुस्तक आहे का. होतं. पण शाळेने मान्य केलेल्या यादीत नव्हतं, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

तिने फोटो मागे घेतला. दोन मिनिटांच्या आत घेता येतो. फोटो गेला, पण त्याच्या जागी करडी ओळ उरली: मियानमियानच्या आईने एक मेसेज मागे घेतला आहे.

त्या ओळीखाली कुणीच 'मिळालं' लिहिलं नाही.

पाच मिनिटं. दहा.

मग हाओयूच्या बाबांनी विचारलं, "वहिनी, काय पुसलंत? आमच्या बघण्यासारखं नव्हतं का?" मागोमाग दोन हसरे चेहरे आले. एकीने वेगळा मेसेज करून विचारलं, मुलांना काही भलतंसलतं तर नाही ना दाखवणार. दुसरीने सांगितलं की तिने फोटो जपून ठेवलाय, काळजी नको. वनश्याला खरी काळजी वाटू लागली ती त्यानंतरच.

शाळांविरुद्ध तक्रार करायच्या सरकारी फोनवर नाव सांगावं लागत नाही. शाळेला मात्र लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तरात कुणाचं तरी नाव लागतं. मेंगबाई कंत्राटावर होत्या, जूनपर्यंत. त्यांचा एवढाच मेसेज आला: "ताई, कुठलं पान?"

शूहांगची आई काहीच बोलली नाही. वनश्या भाजी चिरता चिरता दर दोन मिनिटांनी ओला हात पुसून फोन बघत होती. त्या बाईने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गप्प बसलेला माणूस तक्रारीचा नंबर शोधत असतो, असं तिला वाटत राहिलं. सहा वाजता तिने ग्रुपवर लिहिलं, उद्या गाजराची गोष्ट वाचेन, ती यादीत आहे. 'मिळालं' पुन्हा धडाधड सुरू झालं. हाओयूच्या बाबांनी अंगठा दाखवला.

सकाळी वर्गात तिने गाजराचं पुस्तक उघडलं. मेंगबाई मागे बाकाशी उभ्या होत्या, हातात वह्यांचा गठ्ठा, नजर गठ्ठ्यावर. ससा बी पेरतोय तेवढ्यात शूहांग उभा राहिला.

"काकू, अस्वलाचं होतं ना आज? आईच्या फोनवर पाहिलं मी."

"ते घरी राहिलं, बाळा."

"ती खुर्ची कुणाची होती?"

दारावरून कुणीतरी गेलं. वनश्याची मान झटकन तिकडे वळली. झाडूवाली होती.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

तो खाली बसला. तिने पान उलटलं. गाजर उगवलं, मोठं झालं, सगळ्यांनी मिळून उपटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शूहांगनेही वाजवल्या, इतरांकडे बघून.

मेंगबाईंचं कंत्राट शाळेने सोमवारीच आणखी तीन वर्षांसाठी वाढवलं होतं. पत्र कार्यालयात त्यांच्या खणात न उघडलेलं पडून होतं.