चंद्रभानची बहीण

कोराडीत चंद्रभान कूलरवाल्याला सगळे ओळखत. उन्हाळा लागला की त्याला जेवायलाही फुरसत नसे. बालाघाटकडचा, मागेपुढे कोणी नसलेला, एवढंच लोकांना ठाऊक. बायको गोपिकालाही तेवढंच.

तो मूळचा चंद्रपूरचा शरच्चंद्र. इंजिनियरिंग अर्धवट सोडून जंगलातल्या नक्षल्यांकडे गेला आणि त्यांचे वायरलेस दुरुस्त करू लागला. पुढे ज्या माणसाच्या घरी तो जेवला होता, त्यालाच त्यांनी खबरी म्हणून मारलं. शरच्चंद्र पळाला. मागावर पोलीस होते आणि जुने साथीही. कोराडीला आला तो चंद्रभान होऊनच.

यंदा एप्रिलमध्ये धरमपेठेतल्या एका फ्लॅटवर तो कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला गेला. दार उघडणारी बाई त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने खाली मान घालून काम उरकलं, मोटर चालू केली आणि म्हणाला, "टाकीत पाणी कमी होऊ देऊ नका."

"दादा," ती हळूच म्हणाली, "आवाज तोच आहे तुझा."

ती त्याची धाकटी बहीण भावना होती. तो नाही म्हणणारच होता, पण तिने विचारलं, "जेवलास का?" आणि तो तिथेच खाली बसला. तिने ताट वाढलं. आई गेल्याचं सांगितलं. तो तसाच ताटावर रडला.

"वहिनीला तरी भेटव मला," तो निघताना ती म्हणाली.

"तिलेच काही माहीत नाही."

घरी गोपिका वांगी चिरत होती. तिच्यासमोर बसून त्याने सगळं सांगून टाकलं. तिने विळी बाजूला सारली.

"म्हणजे तेलंगणात तुमची दुसरी बायको नाही?"

"दुसरी बायको? काहून?"

"झोपेत तेलुगू बोलता तुम्ही. बालाघाटच्या माणसाले तेलुगू कुठून येईल? मले वाटे, तिकडं एक संसार असंन. इतके वर्ष मनातच ठेवून राहिली मी."

तेलुगू तो जंगलातल्या साथींकडून शिकला होता; त्याला हसू आलं. ती मात्र हसली नाही. "कोणाले मारलं का तुम्ही?"

"नाही. पण मारणाऱ्यायचे वायरलेस मीच चालू ठेवले."

तिने विळी पुढे ओढून उरलेली वांगी चिरली. "वकिलाले भेटा लागते," ती म्हणाली.

"आत टाकतील वं."

"टाकू द्या. डबा घेऊन येईन मी. पण आधी नणंदेले बोलवा."

रविवारी भावना आली. शेजारणीने विचारलं, तर गोपिकाने सरळ सांगितलं, "नणंद आहे माझी. भांडण झालं होतं, मिटलं." भावनाने एका वकिलाशी बोलणं केलं होतं. आपणहून हजर व्हायचं, काही दिवस आत राहावं लागेल, मग जामिनाचं बघू, असं तो म्हणाला होता. जूनमध्ये हजर होतो, असं चंद्रभानने सांगितलं. लोकांचे कूलर उघडे पडले होते, ते जोडून देणं भाग होतं.

जेवणं झाली. भावना त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगू लागली आणि दोघी हसत बसल्या. त्याला आता कुठल्या नावाने हाक मारायची, यावर त्यांचं काही जमेना. चटईवर पडल्या पडल्या तो ऐकत होता. कूलरचा गार वारा अंगावर येत होता. त्यांचं बोलणं संपायच्या आत त्याचा डोळा लागला.