किरकोळ अस्वस्थता

वसुधा खांबेटेने यादीतून ‘श्वास थांबणे’ काढून टाकलं, त्या दिवसापासून बावीस माणसांचा श्वास थांबला, पण मेलं कुणीच नाही. निळ्या ओठांनी ती सगळी कारखान्याच्या स्वागतकक्षात चहा पीत बसायची.

कारखाना श्वासयंत्रं बनवायचा. यंत्र बंद पडलं की रुग्णाला नेमकं काय झालं, ते मान्य यादीतला शब्द निवडून वसुधाने अहवालात लिहायचं आणि खाली सही ठोकायची. तपासणीच्या आदल्या आठवड्यात साहेब म्हणाले होते, "असले भीतीदायक शब्द कशाला? फाइल अडकते ना!" मग तिने अकरा शब्द खोडले आणि एकच ठेवला, किरकोळ अस्वस्थता. फाइल सुर्रकन पास! वर पेढेसुद्धा मिळाले.

आता डॉक्टरांकडेही तेवढाच शब्द उरला होता. ते त्या बाविसांना पाचक गोळ्याच द्यायचे.

मंगळवारी दुपारी तेविसावा माणूस भिंत धरत धरत आत आला. तिचे वडील.

"वसू, यंत्र बंद पडलं गं," आप्पा उरल्यासुरल्या हवेत म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, ताक प्या."

वसुधा धावत साहेबांकडे गेली. "साहेब, तो शब्द परत घाला! डॉक्टरांना कळलं तर आप्पा वाचतील."

"यादी बदलायला समिती बसावी लागते. आता थेट दिवाळीनंतर."

"तोवर ते मरतील हो!"

"म्हणून तर म्हणतो, सही करा," अहवाल घेऊन तिच्याबरोबर स्वागतकक्षात येत साहेब म्हणाले. "सही झाली की कुणी मरत नाही. बघा, कसे निवांत बसलेत सगळे."

"या दादा, सरकते मी," बाविसांतल्या, कोपऱ्यात बसलेल्या कासारबाई आप्पांना म्हणाल्या. "सवय होते. आधी भूक जाते, मग नातवंडांची नावं."

आप्पा फरशीवर कोसळले. वसुधाने त्यांच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. छाती वर आली. ती थांबली, तशी छातीही थांबली. तिने पुन्हा फुंकलं.

साहेबांनी आप्पांच्या छातीवर ‘किरकोळ अस्वस्थता’ लिहिलेला अहवाल पसरला आणि तिच्या बोटांत पेन खोचलं.

"तोंड असू द्या कामात. हात मोकळाच आहे की!"

वसुधाने हात हलवला नाही. ती फक्त फुंकत राहिली. दर फुंकरीला कागद वर येऊन पेनाच्या टोकाला टेकत होता. सहीच्या रेघेवर ठिपक्यामागून ठिपका उमटत होता, आणि ठिपक्यांचा ‘व’ होऊ लागला होता.