एकतीस लाल रेघा

मी एक जुना नकाशा आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो: मी काच पुसायचं फडकं नाही. मित्रांनो, हे मला सांगावं लागतं, यातच काय ते समजा. गेल्या हिवाळ्यात गाडीच्या काचेवर वाफ धरली, तेव्हा या घरातल्या कर्त्या मुलाने डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घातला, हाताला लागलो तो मी, आणि माझ्या पूर्वेकडच्या सगळ्या डोंगरांनी त्याने काच पुसली. शाळेत गणित शिकवतो हा माणूस. फळ्यावरची आकृती कुणी बाहीने पुसली, तर वर्ग डोक्यावर घेतो.

माझा जन्म असातसा नाही. दोन उन्हाळे माणसं दुर्बिणी आणि मोजणीच्या साखळ्या खांद्यावर टाकून डोंगर चढली-उतरली. एकेक चढ मोजला, एकेक ओढा तपासला. मग मी छापला गेलो, आणि फाटू नये म्हणून माझ्या पाठीला मांजरपाट चिकटवला. आजच्यासारखं नव्हतं, की चार अनोळखी लोकांनी चार फोटो टाकले, वर पाच चांदण्या दिल्या, आणि झाला रस्ता निसर्गरम्य.

मला घरी आणलं ते टपालगाडीच्या ड्रायव्हरने. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. शहरातून पहाटे पिशव्या भरायच्या, डोंगरावरून पलीकडे जायचं, तळ्याकाठच्या टपाल कचेरीत पिशव्या उतरवायच्या आणि संध्याकाळी परत यायचं. ही त्याची नोकरी, सव्वीस वर्षांची.

त्या रस्त्यावरून तळं फार सुंदर दिसतं, असं सगळेच म्हणायचे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यालाही ते दिसलं. एका सरळ पट्ट्यावर झाडं अचानक संपली, पलीकडच्या खिडकीत सगळं निळं झालं, आणि त्याची मान वळली. क्षणभरच. तेवढ्यात चाक कडेच्या दगडांवरून खाली घसरलं आणि गाडी दरीच्या तोंडाशी कलंडून थांबली. गावातल्या लोकांनी दोर लावून ती ओढून काढली. कुणाला काही झालं नाही. टपाल मात्र चार तास उशिरा पोचलं, आणि त्या पिशवीत एका आजारी माणसाचं औषध होतं.

त्या संध्याकाळी त्याने मला टेबलावर पसरलं. कचेरीत मिळणारी दोन रंगांची पेन्सिल घेतली, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, आणि त्या जागेवर पाण्याच्या बाजूला एक बारीक लाल रेघ मारली. नंतरच्या दिवसांत जिथे जिथे मान वळावीशी वाटली, तिथे तिथे एकेक रेघ वाढत गेली. एकूण एकतीस झाल्या. रोज पहाटे गाडी सुरू करण्याआधी तो त्यांच्यावरून बोट फिरवायचा आणि पुटपुटायचा, “इथे नाही. इथे नाही. इथेही नाही.”

तुम्ही म्हणाल, मग मध्ये थांबून बघायचं. टपालगाडीला मध्ये थांबता येत नसे, मित्रांनो. आणि परतताना दुपार उलटलेली असायची. दुपारी त्या तळ्यावर ढग उतरतात, मग वरून काही म्हणता काही दिसत नाही. काठावर त्याने तळं रोज पाहिलं, पण काठावरून तळं म्हणजे नुसती एक पट्टी, तीही लोकांच्या डोक्यांमागून. सव्वीस वर्षांत त्याने माझ्यावरच्या एकाही रेघेपाशी मान वळवली नाही. याबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली नाही. रस्त्यावर जे घडलंच नाही, त्याचं कौतुक कोण करणार?

पुढे तो निवृत्त झाला, बायको आजारी पडली, ती गेली, मुलाचं लग्न झालं, नात झाली, आणि तो सगळ्यांचा आजोबा झाला. मी कप्प्यात गेलो. माझ्या अंगावर ओले कागदी रुमाल, फुटका चष्मा आणि चिकट गोळ्यांचे कागद. मी तक्रार केली नसती. पण यंदा जे झालं, त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं, की आहे ती नजर येत्या हिवाळ्यापर्यंत टिकली तरी पुष्कळ. घरी आल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, “एकदा वरच्या रस्त्याने तळ्यावर जाऊन येऊ या.” बाकीच्यांनी त्यातलं ‘तळ्यावर’ तेवढं ऐकलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर रस्ता ठरत होता. मुलाच्या हातात फोन. सून बॅग भरत होती. ती फार सावध बाई आहे. प्रवासाला निघताना मुलीचा पट्टा तीनदा ओढून बघते, आणि घाटाचं नाव काढलं की आधी तिचाच चेहरा उतरतो.

“वळणं किती आहेत ते बघ आधी,” ती म्हणाली. “मागच्या वेळी भिंगरीने चौथ्या वळणालाच माझ्या मांडीवर सगळं काढलं होतं.”

“पाचव्या,” भिंगरी म्हणाली. भिंगरी म्हणजे त्यांची सहा वर्षांची मुलगी. “चौथ्याला मी सांगितलं होतं.”

“वरचा जुना रस्ता म्हणे निसर्गरम्य,” मुलगा फोन वाचत म्हणाला. “बोगद्याने गेलो तर पन्नास मिनिटं वाचतात. थांब, बाबांचा नकाशा आहे ना.”

माझी आठवण झाली. कप्प्यातून काढून मला टेबलावर पसरलं, तेव्हा मित्रांनो, मी खुळ्यासारखा खूश झालो.

“हे बघ,” तो सुनेला म्हणाला. “अख्खा रस्ता लाल करून ठेवलाय. सव्वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस उगाच नाही करणार. बाबा, या लाल खुणा तुम्हीच केल्यात ना?”

“हो,” आजोबा म्हणाले. “मीच केल्यात.”

“झालं तर मग. धोक्याचा रस्ता. बोगद्यानेच जाऊ.”

आजोबांनी तोंड उघडलं होतं. पण त्याच वेळी सुनेने उलटीसाठीची तिसरी पिशवी बॅगेत सरकवली आणि मुलीच्या कपाळावरून हात फिरवला. ते बघून त्यांनी तोंड मिटलं. “तुम्ही म्हणाल तसं,” ते म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. लाल रंग दिसला की धोका, एवढंच या गणिताच्या मास्तरला ठाऊक. उत्तर आधी ठरवायचं आणि खूण त्याला चिकटवायची, हे त्याने वर्गात कुणाला चालू दिलं असतं का? जिथे रस्ता सर्वात सुंदर आहे, नेमक्या त्याच जागा दाखवून त्याने तो रस्ता रद्द केला. आणि पुरावा म्हणून वापरलं कुणाला, तर मला.

सकाळी निघालो. आजोबा पुढे, माय-लेकी मागे, मी कप्प्यात. फोनमधली बाई दर दोन मिनिटांनी सरळ जा म्हणत होती. रस्ता रुंद, सपाट, दोन्हीकडे पत्र्याच्या भिंती. दहा वाजता बोगदा पंधरा किलोमीटरवर आल्याची पाटी गेली, आणि त्या दोरीसारख्या सरळ रस्त्यावर भिंगरी म्हणाली, “आई, मला होतंय.”

“इथे? इथे तर एकही वळण नाही.”

“मग मी काय करू?”

मुलाने जुन्या रस्त्याच्या फाट्याजवळ गाडी बाजूला घेतली. पिशव्या असलेली बॅग डिकीत. “काहीतरी दे पटकन मांडीवर टाकायला,” सून म्हणाली. मुलाने कप्पा उघडला, मला ओढलं आणि मागे दिलं.

मित्रांनो, इथे मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. लहान मुलं वाचत असतील.

मला भिंगरीच्या हनुवटीखाली पसरलं गेलं. नशिबाने तिला नुसतीच ढेकर आली. ती पाणी प्यायली, तिला बरं वाटलं, आणि तिच्या पाठीवर हात फिरवता फिरवता सुनेची नजर माझ्यावर खिळली. काल रात्रभर तिच्या डोक्यात वळणंच फिरत होती, त्यामुळे तिने सवयीने आधी वळणं शोधली. मग ती पुढे झुकली.

“बाबा, एक विचारू? हे बघा, ही सगळ्यात वाईट वळणं. इथे तुमची एकही खूण नाही. आणि या सरळ रस्त्यावर चार आहेत. सगळ्या पाण्याच्याच बाजूला. असं का?”

आजोबा समोरच्या काचेतून बघत राहिले. “तिथून तळं दिसतं,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे तिथे बघायचं नाही. गाडी मला चालवायची होती.”

मग हळूहळू, एकेक तुकडा काढावा तसं, त्यांनी ते घसरलेलं चाक सांगितलं, ते औषध सांगितलं, पहाटेचं बोट फिरवणं सांगितलं, दुपारी उतरणारे ढग सांगितले.

“अहो, मग काल का नाही सांगितलंत?” मुलगा कळवळून म्हणाला.

“तू विचारलंस, खुणा तुम्हीच केल्यात का. मी हो म्हटलं. पुढचं तू विचारलंच नाहीस.”

“आजोबा, तुम्ही एकदाही नाही बघितलं?” भिंगरीने विचारलं. “एकदासुद्धा?”

“एकदा. त्याचीच पहिली रेघ.”

सुनेने घड्याळ पाहिलं. “ढग दुपारी येतात म्हणालात ना? अरे, गाडी वळव.”

“आणि वळणं? भिंगरीचं काय?”

“सरळ रस्त्यावरही होतंच आहे तिला. डिकीतली बॅग मला आणून दे आणि वळव.” दाराच्या वरची कडी तिने आधीच घट्ट धरून ठेवली होती. फोनमधली बाई मागे फिरा, मागे फिरा म्हणून कोकलायला लागली, तेव्हा सुनेने तिला बंद केलं. अनेक वर्षांत इतकं गोड काही माझ्या कानी पडलं नव्हतं.

मला आजोबांच्या मांडीवर ठेवलं. पहिल्या रेघेपाशी झाडं संपली तिथे रस्त्याला थोडी रुंद जागा होती. मुलाने गाडी लावली. आजोबा कठड्यापाशी उभे राहिले. खाली तळं होतं, सगळंच्या सगळं, डोंगराच्या ओंजळीत.

“मला निळं दिसतंय,” ते म्हणाले. “कडेला काय आहे?”

“झाडं,” भिंगरी म्हणाली. “आणि एक पांढरी होडी. नाही, बदक आहे. आता उडालं.”

“मोठं आहे की गं. मला वाटायचं, लोक वाढवून सांगतात.”

दुसऱ्या रेघेपाशी थांबलो, तिसऱ्यापाशी थांबलो. प्रत्येक वेळी पट्टा सोडायचा, काठी काढायची, दार धरायचं. चौथ्या वेळी मुलगा गाडी बाजूला घेऊ लागला, तर आजोबांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“थांबू नकोस. चालव. मला चालत्या गाडीतून बघायचंय.”

मग त्याने हळू चालवली. सून मागे डोळे मिटून वळणं मोजत होती, भिंगरी खिडकीला नाक लावून दिसेल ते सांगत होती, आणि आजोबा मान वळवून बघत होते. मनसोक्त, एकामागून एक. माझ्यावर त्यांचं बोट नुसतं टेकलेलं होतं. एकदा झाडांमधून पाणी लख्खकन चमकलं आणि मुलाची मान तिकडे वळायला लागली.

“समोर,” आजोबा त्याच्याकडे न बघता म्हणाले.

त्याने पुन्हा समोर पाहिलं. एकतिसावी रेघ मागे पडली तेव्हा ढग नुकते पलीकडच्या डोंगरावर टेकत होते.

माझा राग गेलेला नाही, मित्रांनो. जाऊही नये. जुन्या वस्तूवर कुणाच्या हाताची खूण दिसली, तर तिचा अर्थ आपल्या मनाने लावू नका, आणि ती करणारा घरातच बसलेला असताना तर मुळीच नको. त्याला विचारा. त्याने ‘हो’ म्हटलं, तर पुढचंही विचारा. तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, ज्याने तुम्हाला सुखरूप नेता नेता कधी मान वळवली नाही. त्याला पुढच्या सीटवर बसवा, खिडकीची काच खाली करून द्या, आणि गाडी तुम्ही चालवा. समोर बघून.