मी तेव्हा खुंटीवर होतो

मित्रांनो, मी गुडघ्याला बांधायचा एक पट्टा आहे. वयाने मी फार जुना नाही, पण वापरायची वस्तू खुंटीला लागली की लवकर जुनी होते. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत एका मराठी घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी मी लटकतो. आल्यागेल्याला मला बोट करून दाखवतात आणि सांगतात, हाच तो कुचकामी पट्टा. मी ऐकून घेतो. मला तोंड कुठे आहे?

माझा जन्म कोइम्बतूरच्या एका कारखान्यात झाला. ताणलं जाणारं जाड काळं कापड, दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या आणि घट्ट चिकटणारे बंद, असा माझा देह. गुडघा पुढे-मागे वाकू द्यायचा, पण आडवा कलंडू द्यायचा नाही, हे माझं काम. पाय जोरात पिळला गेला तर मी त्याला पुरता अडवू शकत नाही. आत फाटलेलं सांधणं तर माझ्या हातातच नाही. हे मी कधी लपवलं नाही, माझ्या डब्यावर ते छापलेलंच होतं. पण डबा वाचतो कोण?

मला घरात आणलं ते श्रीविद्यासाठी. श्रीविद्या या घरची सून. ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेत ती कबड्डी शिकवायची. गळ्यात शिट्टी, पदर खोचलेला, आवाज अख्ख्या मैदानाला पुरेल असा. एकदा मुलींना पकड करून दाखवताना तिचा गुडघा पिळला आणि आतला एक बंध अर्धा फाटला. डॉक्टर म्हणाले, जानेवारीतल्या पोंगलपर्यंत पट्टा बांधा आणि व्यायाम करा. पट्ट्यात गुडघा स्थिर राहिला तर ऑपरेशन नको, खुशाल मैदानात उतरा. पट्ट्यातही निसटला, तर मात्र मैदान विसरायचं. तिचा सगळा जीव त्या मैदानात अडकलेला. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर आली, आणि मला त्याचा गर्व वाटला.

भुवना नावाची फिजिओथेरपिस्ट घरी यायची. तिने टेपने मांडी मोजली, माझे बंद नीट बसवले आणि बजावलं, "हा तुला धरून ठेवेल, विद्या. बळ मांडीत यायला पाहिजे, ते काही हा देणार नाही. आणि उभ्याचं काम असलं की हा काढायचा नाही."

ते दिवस चांगले होते. बसची पायरी उतरताना पाय डगमगला की मी धरायचो. संध्याकाळी श्रीविद्या भिंतीला पाठ लावून व्यायाम करायची, तेव्हा तिची मांडी हळूहळू भरत चाललेली मला आतून कळायची. मग घरात माझं कौतुक सुरू झालं. तिच्या सासूबाई, कनकलताबाई, शेजारणींना सांगायच्या की पट्ट्याने आमची सून पहिल्यासारखी चालायला लागली. तिथेच घात झाला. पट्टा आहे ना, मग पाण्याची घागर आण. पट्टा आहे ना, मग गच्चीवर वडामाच्या कुरडया वाळत घालून ये. यातच संध्याकाळ सरायची आणि व्यायाम राहायचा. कौतुक माझं, कष्ट तिचे! छत्री आणली म्हणून कोणी घराचं छप्पर काढतं का?

कनकलताबाई दुष्ट नव्हत्या, हेही सांगतो. सुनेच्या गुडघ्याला त्या स्वतः तिळाचं तेल चोळायच्या. त्या तेलावरून मी घसरायचो, ही गोष्ट वेगळी.

डिसेंबरात सासऱ्यांचं श्राद्ध आलं. श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यातला. मी पडलो घामाने भिजलेला, बसमधून हिंडलेला. सासूबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "सोवळ्यात हे नक्को, विद्या. एका दिवसाचंच आहे की."

श्रीविद्याने नवऱ्याकडे पाहिलं. गिरीश दर्भ निवडत बसला होता, त्याने मान वर केली नाही. तिने मला सोडलं आणि या खुंटीवर अडकवलं. वर्षात ज्या दिवशी माझी सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच दिवशी मी ओवळा ठरलो.

पहाटेपासून ती उभी होती. वाटणं झाली, वडे झाले, खीर झाली. दुपारी पानं मांडली आणि भाताचं पातेलं घेऊन ती वळली. पाऊल फरशीवर तसंच राहिलं, अंग फिरलं, गुडघा आडवा गेला आणि ती कोसळली. मी हातभर अंतरावरून सगळं पाहिलं. मी असतो तर ती पडलीच नसती, असं छातीठोकपणे म्हणत नाही. पण मला निदान धरून तरी पाहता आलं असतं.

इस्पितळात जाताना गिरीशने मला पिशवीत कोंबलं. डॉक्टरांनी विचारलं, पायात पट्टा होता ना? गिरीशने आईकडे पाहिलं. ती माऊली पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

"होता, डॉक्टर," तो म्हणाला. "घातलेलाच होता."

मी त्याच्याच पिशवीत होतो! डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. पट्ट्यातही निसटला म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल, ते म्हणाले, आणि कबड्डी आता सोडा. श्रीविद्या छताकडे बघत पडून राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पण माझ्याबरोबर तीही फासावर गेली, याचा राग मला आजही आवरत नाही.

ऑपरेशननंतर भुवना आली. तिने मला खुंटीवरून काढलं, बिजागऱ्या वाकवून पाहिल्या, बंद ओढून पाहिले. मी जिथल्या तिथे घट्ट होतो. मला वाटलं, आता तरी खरं बाहेर येणार. भुवना पलंगाशी बसली आणि हळूच म्हणाली, "मला एकटीला सांग. हा घातला होतास? नसेल तर मी डॉक्टरांशी बोलते. मैदान अजून गेलेलं नाही."

दारात कनकलताबाई कॉफीचा पेला घेऊन उभ्या होत्या. श्रीविद्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घातला होता," ती म्हणाली.

भुवनाने मला परत खुंटीवर लावलं. श्रीविद्या आता शाळेच्या ऑफिसात बसते आणि मैदानावर दुसऱ्या बाई शिकवतात.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगत नाही. गुडघा जपा. पट्टा आला म्हणून व्यायाम सोडू नका, आणि गरजेच्या दिवशी पट्टा सोडू नका, मग समोर कोणी का असेना. आणि पट्टा होता का, असं कोणी विचारलं, तर जे असेल ते सांगा. "नव्हता" एवढा एकच शब्द श्रीविद्या बोलली असती, तर या खुंटीवर माझ्या शेजारी तिची शिट्टी लटकली नसती.